सात चाळीसची हाक

सकाळी सव्वासातला त्या गल्लीत शिरले, तर पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकलेली, समोरच्या जिन्यावर माणसं, एक जण तर लेकराला खांद्यावर बसवून आला होता. मेलेला माणूस कॉम्प्युटरमधून बोलतो, तेही रोज ठरल्या वेळी, म्हटल्यावर घरी कोण बसणार?

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. अठरा वर्षं झाली. मशीनमध्ये धूळ असते, झुरळं असतात, एकदा पाल निघाली होती. भूत अजून निघालेलं नाही. पण या घरची गोष्ट वेगळी होती. हे मशीन मीच जोडून दिलेलं. मालक टायपिस्ट. घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज आणि करारनामे टाइप करून द्यायचे. मशीनसोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारं मला भेटलेलं हे एकमेव गिऱ्हाईक. सव्वा महिन्यापूर्वी ते ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले आणि परत आलेच नाहीत.

मला बोलावलं होतं त्यांच्या धाकट्या भावानं. दारातच त्यानं माझा दंड धरला. त्याचा हात गार होता.

"ताई, सगळं पुसून टाका. नवीन सिस्टिम टाका. मी दोनदा पेन ड्राइव्ह लावून बघितला, पण ते मशीन नवीन काही घेतच नाही. चालू केलं की परत जुनंच येतं, आणि मग दादा बोलायला लागतो."

"काय बोलतो?"

"ऐकालच आता. मला ते तोंडानं सांगवत नाही."

आत टायपिस्टची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती ब्रेडच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची; आता रजेवर होती. मांडीवर नऊ वर्षांची मुलगी. तिला सगळे पिल्लूच म्हणतात. पिल्लूचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी ओळखलंच नाही तिला.

मशीनसमोर खुर्ची टाकून पांढऱ्या झग्यात एक गृहस्थ बसले होते. हे अंगठेमहाराज. खवळलेल्या वस्तूवर अंगठा ठेवला की ती शांत होते, अशी ख्याती. शेजारच्या शिंपीणबाईंनी त्यांना आणलं होतं.

"हा आत्मा विजेच्या तारेवर बसून येतो," महाराज खिडकीकडे तोंड करून म्हणाले, म्हणजे गर्दीलाही ऐकू जावं. "वीज तोडाल तर त्याचा श्वास तोडाल. मग तो दुसरा श्वास शोधेल. या घरात सगळ्यांत कोवळा श्वास कुणाचा?"

सगळ्यांनी पिल्लूकडे पाहिलं. आईनं तिला आणखी घट्ट धरलं.

मी मशीनपाशी वाकले. मशीन बंद, पडदा काळा, कुणाचा हात जवळपास नाही. भिंतीवरचं घड्याळ बघत उभी राहिले. सात एकोणचाळीस. 

सात चाळीसला आतला पंखा फिरायला लागला.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बटणाला कुणी शिवलेलं नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पडदा उजळला. मिनिटभरात स्पीकरमधून आवाज आला, त्यांचाच, जरासा घोगरा, सावकाश बोलणारा:

"पिल्लू, वेळ झाली. चल. घाबरायचं नाही. डोळे मीट. एक... दोन... तीन..."

बाहेर एक बाई किंचाळली. पिल्लूच्या आईनं तिचे दोन्ही कान दाबून धरले. महाराज उठले, मशीनच्या कपाळावर, म्हणजे समोरच्या बाजूला, अंगठा टेकवला आणि दात आवळून म्हणाले, "शांत हो! शांत हो! शांत हो! शांत हो!" चौथ्या वेळी पंखा थांबला, पडदा काळा झाला. बाहेरच्या लोकांनी हात जोडले. 

"तिसरा दिवस झाला," महाराज म्हणाले. "अजून चार. नियम पाळा. आत्म्याला घुसायला धातूचं दार लागतं. मुलीला सुई टोचायची नाही."

"कसली सुई?" मी विचारलं.

"तिला साखरेचा आजार आहे ना," आई पुटपुटली. "रोज इन्सुलिन द्यावं लागतं, दोन वेळा. आधी हेच द्यायचे. ते गेल्यावर मी शिकले. पण आता दोन दिवस बंद ठेवलंय."

दोन दिवस! माझ्या मावसभावाला हाच आजार आहे. लहानपणी एकदा त्याची सुई चुकली, तेव्हा घरात काय धावपळ उडाली होती ते मी पाहिलंय. भुताला भ्यायले होते त्याच्या दसपट मी आता भ्यायले.

"वहिनी, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"नको हो ताई! चार दिवसच राहिलेत. त्यांनी डोळे मिटायला सांगितलंय तिला, ऐकलंत ना? नेतील हो ते तिला!" ती रडायलाच लागली. दीर मान खाली घालून उभा. ओरडून उपयोग नव्हता. भीतीपुढे ओरडणारा माणूस म्हणजे आणखी एक भीती.

महाराज गर्दीला दर्शन द्यायला बाहेर गेले. मी खुर्ची ओढली. पिल्लूनं पाणी मागितलं. मी आल्यापासूनचा तिसरा पेला. तो रिकामा करून ती हळूच म्हणाली, "पप्पा सुई देताना असंच म्हणायचे. डोळे मीट, एक, दोन, तीन."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. ते म्हणाले, माझ्या तोंडून पप्पाच बोलतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण हात कामाला लागले, आणि हात कामाला लागले की माझी भीती जरा बाजूला सरते. नवीन सिस्टिम टाकण्याआधी एक काम करावंच लागतं. मशीन चालू होताना ठरावीक कळ दाबत राहायची, की त्याच्या मूळ सेटिंगचं पान उघडतं. हे पान डिस्कवर नसतं, मशीनच्या मुख्य पाटीतच, म्हणजे मदरबोर्डवरच असतं. सिस्टिमसाठी मशीननं आधी कुठं बघायचं, डिस्कमध्ये की पेन ड्राइव्हमध्ये, ते तिथं ठरतं. दिरानं नेमकं तेच केलं नव्हतं. इथं डिस्क पहिली होती, म्हणून पेन ड्राइव्हकडे मशीन ढुंकूनही बघत नव्हतं. जुनं परत यायला आत्मा लागत नाही, एवढी एक ओळ पुरते.

मी खालच्या ओळी वाचत गेले आणि थांबले. वीज व्यवस्थेच्या पानावर एक ओळ चालू करून ठेवलेली होती: ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हा. रोज. सात वाजून चाळीस मिनिटं.

"वहिनी, पिल्लूला सकाळची सुई किती वाजता असते?"

"पावणेआठला." ती बोलता बोलता थबकली.

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ते इथं बसले होते?"

"दिवसभर. मी म्हटलं, आराम करा. तर म्हणाले, घरातली एक सोय करून ठेवतो, तू घाईत विसरशील. नीट सांगणार होते. पण पहाटेच पोटात कळ आली आणि गाडी बोलवावी लागली. मी सगळी बटणं बंद करून त्यांच्यामागं पळाले."

"आणि पुन्हा चालू कधी केलीत?"

"मागच्या आठवड्यात. टेबलदिव्यासाठी. त्याच बोर्डावर आहे तो." तिनं तोंडावर हात ठेवला. "दुसऱ्या दिवशी सकाळीच..."

"आणि आवाज पूर्ण ऐकलात का एकदा तरी?"

कुणीच ऐकला नव्हता. पहिल्या दिवशी ती मुलीला घेऊन बाहेर पळाली, दिरानं पेन ड्राइव्ह लावला त्या दोन्ही वेळा बोर्डाचं बटण दाबलं, आणि नंतर रोज तिसऱ्या आकड्यावर महाराजांचा अंगठा पडत होता. अख्खी गल्ली ऐकायला जमली होती आणि शेवटपर्यंत कुणीच ऐकलं नव्हतं.

मी पेन ड्राइव्ह खिशातच ठेवला आणि जुनीच सिस्टिम सुरू होऊ दिली. ती सुरू झाली की आपोआप वाजेल असं रेकॉर्डिंग त्यांनी तिच्यात लावून ठेवलं होतं. आवाज आला. "...एक... दोन... तीन..." आई उठून पळायला निघाली. मी तिचा हात धरून ठेवला.

"...झालं! शहाणं माझं पिल्लू. आता खाऊन घे. आणि अगं, उद्या हीच जागा नको, दोन बोटं सोडून टोच. बाटली फ्रिजच्या दारात आहे. मी येईपर्यंत चुकवू नकोस."

 मग आई एकदम उठली, पिल्लूला उचललं आणि दिराला म्हणाली, "गाडी काढा." तेवढंच. दारातली माणसं आपणहून बाजूला झाली.

महाराज दारात आले. "फसू नका! आत्मा आवाज बदलतो, गोड बोलतो..."

मी शिंपीणबाईंना आत बोलावलं. "इथं अंगठा ठेवा. या बटणावर. सोडू नका, आणि तोंडानं काहीही म्हणा."

"काय म्हणू?"

"गिऱ्हाइकाचं माप म्हणा."

"छाती छत्तीस, कंबर तीस, बाही..." मशीन बंद पडलं. बाई दचकून मागं सरल्या आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"हे बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की कुठलंही मशीन बंद पडतं," मी म्हटलं. "माझी निम्मी गिऱ्हाइकं रोज असंच बंद करतात. अजून एकालाही झगा घ्यावा लागला नाही."

मग पुन्हा ते सेटिंगचं पान उघडून वेळ आठ अठरा लावली, मशीन बंद केलं आणि महाराजांना सांगितलं, "आता तीन मिनिटांत हे आपोआप उठेल. अंगठा न लावता थांबवून दाखवा." माणसं घड्याळाकडे बघत राहिली. आठ अठराला पंखा फिरला. महाराज तोवर जिन्यापलीकडे पोचले होते. कुणी हसलं नाही. पोर दवाखान्यात होतं.

तो दिवस माझा कसा गेला ते मलाच माहीत. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. पिल्लू पाचव्या दिवशी घरी आली.

नवीन सिस्टिम मग टाकलीच, जुनी फारच रडायची. आधी आवाज तीन ठिकाणी जपून ठेवला, मग पेन ड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर आणला. काम झाल्यावर वहिनींना विचारलं, "सात चाळीसचं काय करू?"

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली होती. पण पळण्याआधी आवाज शेवटपर्यंत ऐका, ओळ शेवटपर्यंत वाचा, आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला आधी घराबाहेर काढा. त्या घरात बापानं मुलीसाठी औषधाची आठवण ठेवली होती, आणि आपण शहाणीसुरती माणसं तिचं औषध तोडून त्याच्यापासूनच तिला वाचवायला निघालो होतो.

आता रोज सात चाळीसला मशीन उठतं. पिल्लू डोळे मिटत नाही. ती स्वतःची सुई स्वतः घेते, आणि तीन म्हणून झालं की स्पीकरच्या आधी आपणच म्हणते, "झालं!"