आडवा कार्बन

फरशी कापायच्या ग्राइंडरचं छोटंसं झाकण निघालं आणि तिला शिसारीच आली. आत काळा चिकट लगदा, जळका वास आणि त्यात रुतलेला कार्बन, मोटरला वीज पोचवणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा. तोही आडवा! मोटरच्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर टेकायचं त्याचं गोलसर तोंड भलतीकडेच वळलेलं.

"कुणी केली ही घाण?"

"काय माहीत, ताई," फरशीवाल्याची बायको म्हणाली. "मागच्या आठवड्यात ह्यांनी कुठूनतरी कार्बन बदलून आणले. दोन दिवसांत ठिणग्या उडाल्या. हात भाजला ह्यांचा."

मग काय, तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "ह्याला कारागीर म्हणायचं? डोळे फुटले होते का मेल्याचे? असल्यांना मशीनच्या आसपास फिरकू देऊ नये!"

दुरुस्तीच्या दुकानाच्या कोपऱ्यात तिचे बाबा एक जुनं ड्रिल पुसत होते. नजर अधू झाल्यापासून तिनं त्यांच्याकडून एकेक काम काढून घेतलं होतं. "कार्बन तेवढे राहू देत माझ्याकडे," असं ते म्हणाले तेव्हा मात्र तिला नाही म्हणवलं नव्हतं. कार्बन बदलला की झाकणाला आतून खिळ्यानं फुली मारायची, ही त्यांची सवय. दुसऱ्याची घाण आपल्या माथी नको, म्हणून. आत्ता ते मान खाली घालून पुसतच होते.

हातातलं झाकण तिनं नाक मुरडतच फडक्यानं पुसलं. आतून फुली निघाली. वेडीवाकडी, पण ताजी.

मागच्या आठवड्यात दोन दिवस ती दुकानात नव्हती.

तिनं झाकण पटकन मुठीत लपवलं. "पाणी गेलंय आत," ती बाईला म्हणाली. "तुमचे हे ओल्यातच मशीन चालवत असणार. सांगा त्यांना, जरा नीट वापरा म्हणावं." एवढं सफाईदार खोटं आपल्या तोंडून निघालं, याची तिला त्या लगद्याहून जास्त किळस आली.

बाई बिचारी ओशाळली. "सांगते हं," म्हणाली.

"पाणीबिणी काही नाही, बाई." बाबा उठले होते. "तो कार्बन मी आडवा बसवला. मला दिसलं नाही. त्यांना म्हणावं, माझी चूक झाली."

ते चाचपडत टेबलापाशी आले. तिची मूठ त्यांनी उघडली, झाकणावरून अंगठा फिरवला. "चूक लपवायचीच असती, तर फुली मारली कशाला असती मी?"

मग खिशातला खिळा काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

"नीट बसव. आणि आता फुली तू मारायची."