नदी रिकामी

“नऊ, दहा, अकरा.” होडीतल्या शेवटच्या ओल्या खांद्यावर थाप मारून मामांनी मोजणी संपवली. सकाळी सिनेमाचे अकरा एक्स्ट्रा पाण्यात उतरले होते, अकरा परत आले. लाइफ जॅकेटंही अकरा भरली. मग मामांनी शिट्टी वाजवली आणि रोजच्यासारखा वरच्या धरणावर फोन लावला. “नदी रिकामी आहे,” ते म्हणाले. “सोडा पाणी.”

धरणावरून रोज संध्याकाळी पाच वाजता पाणी सुटे आणि अर्ध्या तासात इथवर येई. पण मामांचा फोन आल्याशिवाय तिथला ऑपरेटर दार उचलत नसे, एवढा मामांच्या शब्दावर भरवसा.

सिनेमावाल्यांना नदी हवी असली की बावीस वर्षं मामाच लागत. होड्या जमवायच्या, दोर बांधायचे, कोण कुठं उभा राहील ते ठरवायचं. दिग्दर्शक कितीही मोठा असो, मामांची शिट्टी वाजली की कॅमेरा बंद. सेटवर लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत; खरे मामा ते एकटीचेच, मोटरबोट चालवणाऱ्या भाचीचे. बावीस वर्षांत एक माणूस गमावला नाही, हे मामा स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसत. दुसरं कुणीतरी सांगेल एवढी काळजी मात्र घेत.

प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायची त्यांची पद्धत सगळ्यांना फार आवडे. केवढी माया, असं लोक म्हणत. माया होतीच, पण खरं कारण फक्त मामींना ठाऊक होतं. दोन वर्षांपासून मामांना समोरचं सगळं धुक्यातून दिसत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली आणि मामांनी दोन्ही वेळा, हे शूटिंग आटपू दे, म्हणून ती पुढं ढकलली. डोळ्यांचं काम हातांवर किती दिवस ढकलणार, असं मामींनी एकदा विचारलं होतं. डोळे गेलेल्या माणसाच्या हाती नदी कोण देईल, ही भीती मामांना बायकोपुढंही बोलवत नव्हती.

काठावर कपडेवाल्या बाई ओले पोशाख गोळा करत होत्या. एका बटणासाठी माणसाला उभा सोलणारी बाई. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे त्यांनी दोनदा मोजले, आणि तणतणत होडीशी आल्या. सगळे उतरले तरी आत एकजण बसलाच होता.

होडी उलटायच्या प्रसंगात बुडालेलं प्रेत दाखवायला रबराचा पुतळा आणला होता. अंगात तोच पट्ट्यांचा सदरा. परतताना कुणीतरी गमतीनं रिकामं पडलेलं जॅकेट त्याला चढवून फळीवर नीट बसवलं होतं. कपडेवाल्या बाईंनी जॅकेटचे बंद सोडले.

“मामा, हा तर पुतळा,” त्या म्हणाल्या. “माणसं दहाच आली.”

मामांच्या हाताला त्या खांद्याचा ओलेपणा अजून होता.

कोण राहिलं ते लगेच कळलं. शिंपीकाका. मुलीकडे नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून एक्स्ट्राच्या कामाला येणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले म्हातारे. वळणापलीकडच्या बुटक्या खडकाला धरून त्यांना उभं केलं होतं. शॉटसाठी जॅकेट काढून घेतलं होतं. आणि हाक मारेपर्यंत हलायचं नाही, हे खुद्द मामांनीच त्यांना बजावलं होतं.

मामांनी धरणावर फोन केला. दार लगेच बंद झालं, पण सुटलेलं पाणी काही माघारी बोलावता येत नव्हतं.

भाचीनं बोट काढली. मामा पुढं बसले. पाणी गढूळ होऊन चढायला लागलं होतं, आणि भाचीची नजर बोटीपुढच्या दगडांवरून हलत नव्हती.

“मामा, तू उजवीकडं बघ. दिसले की सांग.”

मामांनी बघितलं. उतरत्या उन्हाची पांढरी चकाकी, तिच्यात काही काळसर डाग. खडक की माणूस, काही केल्या कळेना.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले.

“खडकाआड असतील. नीट बघ ना.”

“तसं नाही गं. मला दिसतच नाही.”

भाचीनं एकदाच त्यांच्याकडं वळून पाहिलं. मग ती उठली आणि मोटरचा दांडा तिनं त्यांच्या हातात दिला. “तू चालव. मी सांगते तसं वळव.”

हात पक्के होते. डावीकडं, आता सरळ, हळू, असं ती सांगत गेली आणि दगडांमधून मामांनी बोट अशी काढली की कुठं घासलीसुद्धा नाही. शिंपीकाका छातीभर पाण्यात होते. खडकाला मारलेली मिठी त्यांची त्यांना सोडवेना. भाचीनं दोर कमरेला बांधून उडी टाकली आणि त्यांना ओढून आणलं.

बोटीत आल्यावर काकांचे दात वाजत होते. “मला वाटलं, अजून एक शॉट आहे,” ते म्हणाले.

मामांना रडू फुटलं. काठाला लागेपर्यंत त्यांनी काकांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

काठावर शूटिंगचा मॅनेजर घाम पुसत उभा होता. माणूस सुखरूप आहे, तेव्हा विषय इथंच मिटवा, वहीत काही लिहू नका, असं तो समजुतीनं सांगून गेला. मामांनी सुरक्षेची वही काढली आणि भाचीपुढं ठेवली.

“लिही. मोजणी चुकली. पुतळ्याला माणूस धरलं. नदी रिकामी नसताना रिकामी सांगितली. खाली माझं नाव. आणि डोळ्यांचंही लिही.”

“मला तरी सांगायचं होतंस,” भाची म्हणाली.

“सांगितलं असतं तर मोजू दिलं असतंस?”

“नसतं दिलं.”

“म्हणूनच,” मामा म्हणाले, आणि शिट्टी काढून त्यांनी वहीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी भाचीच्या गळ्यात होती. मामा पलीकडच्या काठाचे दोर दाखवायला आले होते. भाचीनं त्यांनाही जॅकेट घालायला लावून होडीत शेवटी बसवलं. मोजायची रीत तिनं बदलली. आता ज्यानं त्यानं आपला आकडा आपल्या तोंडानं म्हणायचा.

एक, दोन, तीन करत आकडे मागं येत गेले. शिंपीकाकांनी मुलीचं न ऐकता हजेरी लावली होती. त्यांनी “अकरा” जरा मोठ्यानंच म्हटलं. पुढचा आकडा मामांचा होता. बावीस वर्षांत मामा मोजणीत कधी आलेच नव्हते. सवयीनं त्यांचा हात समोरच्या खांद्याकडं गेला होता, तो त्यांनी मांडीवर घेतला.

भाची थांबून राहिली.

“बारा,” मामा म्हणाले.