लिंबाच्या वासाचं तेल

हालनने कॅनचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि खो खो हसत सुटला.

"माथीअक्का, निलगिरीचं तेल काढलंस की लिंबाचं लोणचं घातलंस गं?"

हालन वीस वर्षं माथीच्या भट्टीचं तेल कुन्नूरच्या औषधवाल्यांना पोचवत होता, पण झाकण त्याने कधी उघडलं नव्हतं. माथीचं तेल म्हटल्यावर काय बघायचं! आजही उघडलं ते सर्दीने चोंदलेलं नाक मोकळं करायला.

"या चोंदलेल्या नाकाला कळलं," तो म्हणाला, "आणि तुला नाही?"

माथीने सुनेकडे पाहिलं. रुक्की पदराचं टोक पिळत उभी होती.

"तुला कळलं होतं?"

"हो, आत्याबाई. पाला तुडवत होतात तेव्हाच. शाळेमागच्या त्या लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या दोन मोळ्या होत्या त्यात."

"मग मिठाची गुळणी धरली होतीस होय?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच घातल्यात. तुम्हाला न कळता असं कसं होईल?"

तिचंही खरंच होतं. एका चुकार डहाळीपायी अख्खी मोळी उधळून लावणारी बाई म्हणून माथी साऱ्या वस्तीला ठाऊक. पाला वेचणाऱ्या बायका काय वाटेल ते आणून ओतायच्या, नको ते माथीअक्का काढून टाकेलच म्हणून. माथी गप्प राहिली की सगळंच ठीक. एका माणसावर भार टाकून बाकीच्यांनी डोकी गहाण ठेवायची, ही आमच्या डोंगरातली जुनी खोड.

माथी खाली बसली. "पावसाळ्यातल्या तापापासून मला वास येत नाही," ती म्हणाली. "कशाचाच नाही. चुलीवर आमटी करपली तरी कळत नाही." इतके दिवस लपवलेलं हे एकदाचं बाहेर पडलं, पण बरं काही वाटलं नाही. लाजच वाटली.

"कुणाला सांगू नका," ती दोघांनाही म्हणाली. "धर्मनच्या कानावर गेलं तर टेम्पो घेऊनच येईल."

धर्मन म्हणजे तिचा मुलगा, रुक्कीचा नवरा. कोईमतूरच्या कारखान्यात होता. भट्टी मोडा, तांब्याचा हंडा भंगारात घाला आणि दोघी इकडे या, असा त्याचा दर महिन्याचा जप. माथीला ती भट्टी जिवापेक्षा प्यारी होती. तिच्याशिवाय शहरात बसून करायचं काय, हा विचार आला की तिला रडू यायचं.

हालनने कॅन बाजूला सारला. "औषधाला हे चालायचं नाही. साबणवाल्याला विचारून बघतो. बुधवारी येईन तेव्हा मात्र झाकण उघडीन, अक्का. राग मानू नकोस."

सासूसुनांनी मग एक खूण ठरवली. नको ती मोळी आली की रुक्कीने दोनदा खोकायचं.

सोमवारी सकाळी बायका डोक्यावर पाला घेऊन चढण चढून आल्या. पुढे नंजी, जिभेने तिखट. माथी अनवाणी हंड्यात उतरली आणि पाला तुडवू लागली. एक मोळी, दुसरी, तिसरी. चौथीला रुक्की खोकली. पायाखालचा पाला कुरकुरत होता, तांबं घुमत होतं. माथीला काही ऐकू गेलं नाही. रुक्की पुन्हा खोकली, मग नुसती खोकतच सुटली.

"सुनेला काढा पाज गं, अक्का," नंजी म्हणाली. "नाहीतर हंड्याला झाकण लावायच्या आधीच ती जायची!"

बायका फिदीफिदी हसल्या. नंजीने मोळीची दोरी सोडली आणि पाला हंड्यावर धरला.

"थांब!" रुक्की ओरडली. "आत्याबाई, उतरा. हा पाला लिंबाच्या वासाचा आहे."

हसू एकदम थांबलं. लग्न होऊन आल्यापासून चौदा वर्षांत रुक्कीने सासूला असं कधी म्हटलं नव्हतं.

"तू कोण गं सांगणारी?" नंजीने कमरेवर हात ठेवला. "माथीअक्का स्वतः आत उभी आहे, दिसत नाही?"

रुक्कीने सासूकडे पाहिलं.

"त्यांना वास येत नाही," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून."

झालं. ज्याला माथी इतकी भीत होती ते अंगणात सहा बायकांच्या देखत बोललं गेलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी खालच्या बसथांब्यावर जाणार, उद्या कोईमतूरला. सुनेच्या एक थोबाडीत द्यावी, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

मग तिने रुक्कीचा हात पाहिला. पोरीने नंजीची मोळी घट्ट धरून ठेवली होती. भीतीने पांढरीफटक पडली होती, पण मोळी सोडत नव्हती. तरुणपणी माथी स्वतः अशीच होती.

माथी हंड्याच्या काठाला धरून खाली उतरली. पायांना चिकटलेली पानं झटकली आणि बायकांकडे वळली.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "मला येत नाही. हिला येतो. यापुढे मोळ्या हिच्यासमोर सोडायच्या."