सुईखालचा अभ्रा

"जागा हाये की घरात! पर समदी इस्कटल्याली. बाज काय तोडून चार ठिकानी टाकू?" कुशाबाईंनी दारातूनच विचारलं.

भरतने कॉम्प्युटरवरून मान वळवली. उद्या त्याची बहीण अश्विनी पहिल्या बाळंतपणाला कळंबला यायची होती. बाजेखाली शेगडी ठेवायची, म्हणजे वारा न लागणारा आतला कोपराच हवा. तिथे त्याच्या बायकोचं, हर्षालीचं शिलाई मशीन होतं. ती वारल्याला वर्ष झालं होतं, पण सुईखाली अर्धा शिवलेला अभ्रा तसाच होता.

"आई, त्याला हात लावू नको. बाकीचं मी सरकवतो."

त्याने पेट्या हलवल्या, कांद्याच्या गोण्या पडवीत नेल्या, कपाट भिंतीला टेकवलं. बाज आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली. मशीन मध्ये येतच होतं.

"आता माज्या डोक्यावर घाल," कुशाबाई म्हणाल्या.

तो पुन्हा कामाला बसला. पुण्याच्या एका कंपनीसाठी तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, बदल करत होता. त्यांचा कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर काही दिवस चालला की अडायचा. मेमरी रिकामी असायची, पण तुकड्यातुकड्यांनी. कॅमेऱ्याला ती सलग लागायची. भरतचा कोड मेमरीची वापरातली पानं, म्हणजे तिचे छोटे कप्पे, गोळा करून एका कडेला सरकवायचा. सारखं सरकवलं तर चित्र अडखळायचं, उशिरा सरकवलं तर सलग जागाच मिळायची नाही. हे प्रमाण त्याने जमवत आणलं होतं. अडत होतं ते न हलणाऱ्या पानांपाशी. तसलं एक जरी मध्ये बसलं, तरी आजूबाजूची जागा फुकट. शेवटी त्याने त्या पानांना सुरुवातीलाच वेगळी कड दिली. चित्र सरळ चालू लागलं.

"आई, चालला बघ कॅमेरा."

"लई झ्याक. आन बाज?"

भरत कोपऱ्याकडे बघत राहिला. मग उठला.

"मशीन माझ्या टेबलाशेजारी ठेवू. त्या बाजूनं धर. सुई मात्र वर करायची नाही."

"न्हाई करत, बाबा."

दोघांनी मशीन उचलून टेबलाशेजारी ठेवलं. नेताना वरचं रीळ पडलं आणि घरंगळत परत जुन्या कोपऱ्यात गेलं. घरभर पांढरा दोरा पसरला.

भरत दोऱ्याकडे बघत उभाच राहिला. कुशाबाई गुडघ्यावर हात देत खाली बसल्या. त्यांनी रीळ उचललं आणि न तोडता दोरा गुंडाळत गुंडाळत त्याच्यापर्यंत आल्या. रीळ जागेवर बसवलं.

"धर आता बाज," त्या म्हणाल्या.