खांद्यातलं भोक

बूच आज सहज निघालं नाही. औषधाच्या जुन्या बाटलीचं, कडा झिजलेलं, बोटाएवढं बूच. एरवी चिमटीत धरून जरासं फिरवलं की सुटायचं. आज ते बसलेलीच्या, म्हणजे त्या बसलेल्या ब्राँझच्या बाईच्या, डाव्या खांद्यात रुतून राहिलं होतं, जणू द्यायचंच नव्हतं तिला. त्याने जोर केला. सुटलं. आतून तोच वास आला, जळक्या मातीचा, थंड धातूचा… त्याने तर्जनी भोकात घातली, वर वळवली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. होता. जागच्या जागी होता. अंगठ्याचा ठसा.

कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. शिल्पकाराचा नसावा. तो मोठा माणूस. त्याने बाई घडवली, बैठकीवर स्वतःचं नाव कोरलं. पण साच्यात आतून मेण थापत गेला तो कुणीतरी वेगळाच — इटलीतल्या कुठल्याशा फाउंड्रीत, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी, मालक मागे ओरडतोय म्हणून घाईघाईने — आणि मेण दाबताना त्याचा अंगठा तिथे उमटला. मग आत माती भरली गेली, मेण वितळून वाहून गेलं, त्याच्या जागी तापलेला रस आला, निवला. मेण राहिलं नाही, माणूसही राहिला नसेल. अंगठा राहिला, रेघ न् रेघ.

"झालं का दर्शन?" बायको दारातून म्हणाली. तिच्या हातात चहा होता. "सकाळी उठून नवरा सवतीच्या खांद्यात बोट घालतो, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील मला."

"एक का सवत आहे तुला? अकरा आहेत."

"नऊ. एक घोडा आहे आणि एक मासे विकणारा म्हातारा. मोजण्यात तरी चुकू नका." तिने कप टेबलावर ठेवला, पाकिटाच्या शेजारी, आणि पाकीट बोटाने त्याच्याकडे सरकवलं. "आठ दिवस झाले. चारला त्या संग्रहालयाच्या बाई येतील. उघडा, नाहीतर मी उघडते. मला वाचता येत नसलं तरी फोटो बघता येतो."

पाकिटात काय आहे ते त्याला माहीत होतं. बाईंनी फोनवर सांगितलं होतं, अगदी आनंदाने, की शिल्पकाराच्या जुन्या कारखान्यात बसलेलीचा प्लास्टरचा मूळ नमुना सापडलाय, दोन्ही हातांसकट! त्यावरून डावा हात नव्याने ओतता येईल आणि असा जोडता येईल की सांधा दिसायचा नाही. महिनाअखेर सगळी अकरा शिल्पं संग्रहालयात जायची होती, त्याने आपखुशीने दिलेली. बसलेली दालनाच्या मधोमध राहील, पुरी. तो "बरं" म्हणाला होता. मग पाकीट आलं, ते त्याने फोडलं नव्हतं. कारण हात बसला की भोक बुजणार. आणि कारण… ते दुसरं कारण तो बायकोखेरीज कुणाजवळ बोलला नव्हता. लोक धरून चालले होते की हात मोडला असणार. हात मोडला नव्हता. त्याने स्वतः कापला होता.

तेव्हा तो निव्वळ भंगारवाला होता. मोडीत काढलेल्या एका परदेशी जहाजातून माल आला, त्यात दिवाणखान्यातली ही बाई, नळ आणि कड्या-कोयंड्यांच्या ढिगात आडवी. त्याने हातोडीने वाजवून पाहिली, आवाज चांगला घुमला. कानस मारली, खाली लालसर पिवळं चमकलं. कथील बरं आहे, असं मनात म्हणाला. मूस लहान, बाई मोठी, तेव्हा तुकडे करणं आलं. घंटा येवो, पंखा येवो, धंद्याची रीतच ती. हात बाजूला आलेला, म्हणून आधी हात. हॅक्सॉ आरपार गेली तेव्हा आतली काळी माती त्याच्या पायांवर सांडली, आणि हात गेला मुशीत, त्या दिवशीच्या बाकी भंगाराबरोबर. मग त्याने पातं मानेवर टेकवलं. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली.

"अहो! आधी विचारलंत का तिला?"

"कुणाला?"

"जिचा गळा धरलाय, तिला!"

तो हसला होता. हसत हसतच पातं नीट टेकवायला खाली वाकला, आणि तेव्हा तिचं तोंड पाहिलं. तोवर त्याने फक्त वजन पाहिलं होतं.

त्या हाताचे पाण्याच्या पंपांच्या आसाभोवती बसणारे बुश झाले. पुढे कितीतरी वर्षं रस्त्याकडेला पंप चालल्याचा आवाज आला की तो सायकल हळू करायचा.

मग नाचणारी आली, मग घोडा… धंद्यातले लोक निरोप धाडायचे, "शेठ, तुमची एक पाहुणी आलीय." पाठीमागे म्हणायचे, गाढवाला गुळाची चव काय. रद्दी घालायला येणाऱ्या मास्तरांनी एकदा बैठकीवरच्या रेघांवर बोट ठेवून सांगितलं की हे नाव आहे, करणाऱ्याचं. वस्तूखाली माणसाचं नाव असतं, हेच त्याला नवीन होतं. बावन्नाव्या वर्षी तो त्याच मास्तरांकडे आधी आपली अक्षरं शिकला, मग ती परकी. मेहुणा त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचा; तो सही करू लागला. आणि मग एकदा खांद्याच्या भोकात कोळ्याने जाळं केलं म्हणून बोट घातलं, तर आत अंगठा.

कापलं नसतं तर सापडला नसता. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बोट झटकन बाहेर काढलं होतं. पापाचे आभार मानतात का कुणी?

चहा निवला. त्याने पाकीट फोडलं, फोटो न बघता पालथा ठेवला, आणि सोबतचा संग्रहालयाचा कागद वाचला, ओळीखाली बोट फिरवत, अजूनही तसाच वाचायचा तो. 'शिल्पाचा डावा हात संग्राहकाकडे येण्यापूर्वीच प्रवासात तुटला होता.' खाली सहीसाठी जागा. अंगठा लावायचो तेव्हा बरं होतं, त्याला वाटलं. लिहिलेलं खोटं दुसऱ्याचं असायचं.

चार वाजता बाई आल्या. पर्सही खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "काका, फोटो पाहिलात? किती सुंदर हात आहे!"

दिवसभर जुळवलेलं बोलणं ऐन वेळी आठवेना. "बाई, तो प्रवासात तुटला नाही," तो म्हणाला. "मी कापला. हॅक्सॉने. आणि वितळवला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाईंनी खांद्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मला शंका होतीच. मोडलेली कड इतकी सरळ नसते."

"मग कागदावर तसं का लिहिलंत?"

"विचारायचा धीर झाला नाही, काका. एवढं सगळं देताय तुम्ही…"

त्याने बूच काढलं. "बोट घाला आत. वर वळवा."

बाईंनी अंगठी काढून ठेवली. बोट आत चाचपत गेलं, आणि थांबलं, भांड्याच्या तळाशी काही सापडल्यासारखं.

"हा कुणाचा?"

"असेल कुणी ओतणारा. सही नसलेला."

बाई बोट काढेचनात. दारात येऊन उभी राहिलेली बायको म्हणाली, "घ्या! आता हीपण नादी लागली." तिघेही हसले. त्याला तर हसता हसता डोळे पुसावे लागले, आणि कशाने ते नीट कळलं नाही.

बाईंनी पेन काढून ती ओळ खोडली. "हे मी बदलते. पण हाताचं काय करायचं? उद्या इटलीला कळवायचंय. बसवला तर ती पुरी होईल. नाही बसवला…" त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा, काका."

त्याने फोटो सुलटा केला. कापताना त्याने तो हात नीट पाहिलाच नव्हता, आणि मग इतक्या वर्षांत त्याला काय काय कामं लावली होती! डोळ्यांवर धरायला, केस मागे सारायला, कुणाला तरी बोलवायला. फोटोत तसलं काही नव्हतं. हात मागे बैठकीवर टेकलेला होता, तळवा दाबून, सगळं अंग त्याच्यावर सोडलेलं. बस, एवढंच. ती टेकून बसली होती. टेका त्याने काढून घेतला होता, आणि ती तशीच मागे रेललेली राहिली होती, त्याच्या घरात, एकेक करून दहा जणांना त्याच्या दारी आणत… ब्राँझ पडत नसतं, हे भंगारवाल्याला कुणी सांगायला नको. तरीपण.

रोज सकाळी तो मनात तिला एक शब्द म्हणायचा, माफीचा. आत्ता तो म्हणायला गेला तर दुसराच शब्द पुढे आला, आभाराचा, आणि तो एकीसाठी पुरेना. त्या इटलीतल्या घाईत असलेल्या माणसाला तो हा शब्द देणं लागत होता, मास्तरांना लागत होता, दारात पदराला हात पुसत उभ्या असलेलीला तर केव्हाचा लागत होता. बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. हो की नाही, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण बसलेलीसमोर इतकी वर्षं अवघडून उभं राहिल्याचा शीण अंगातून हळूहळू उतरत होता, पावलांपर्यंत, आणि तो उतरू देत तो नुसता बघत राहिला.