बाबांनी बंद पाडलेली घड्याळं

सभागृहाबाहेरची रांग इतकी लांबली होती, की तिचं शेपूट थेट माझ्या दुकानाच्या पायरीला येऊन टेकलं होतं. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हाताला पोर, आणि प्रत्येकाच्या मुठीत एक जुनं, किल्लीचं घड्याळ. आत कळहारी बाबा बसले होते. पोराच्या दुखऱ्या गुडघ्यावर घरातलं घड्याळ ठेवायचं, बाबांनी त्यावर पंजा धरून डोळे मिटायचे, की पाहता पाहता टिकटिक बंद. कळ म्हणे घड्याळात उतरली. आया डोळे पुसत बाहेर पडायच्या.

"सेलचं घड्याळ आणू नका," बाबा बजावून सांगत. "त्याला काळीज नसतं. किल्लीच्या घड्याळात वाडवडिलांचा श्वास असतो. कळ त्या श्वासाला धरून वर चढते. सात दिवस ते उघडू नका, नाहीतर कळ घरभर सांडेल."

आता सांडलेली कळ कशाने पुसायची, हे काही ते सांगत नसत.

मी घड्याळं दुरुस्त करतो. त्यामुळे चमत्काराचा दुसरा अंक माझ्याच टेबलावर व्हायचा. आठव्या दिवशी लोक बंद घड्याळ घेऊन हजर. पहिलंच उघडलं आणि मी ओळखलं. आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना चिकटली होती. घड्याळाला जबर चुंबक लागला की असंच होतं. त्यावर उपायही सोपा. माझ्याकडे तारेचं एक कडं आहे, त्यात वीज सोडून घड्याळ त्या कड्यातून आरपार नेलं की चुंबकपणा उतरतो. बाबा बंद पाडत होते, मी चालू करत होतो, दोघांचंही झकास चाललं होतं. लोक आपणहून फसतायत, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

कारण पुढची पाळी आमच्या घराची होती. माझी भाची नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचा घसा दुखला, ताप आला, दोन-चार दिवसांत गेलाही. तीनेक आठवड्यांनी गुडघा टम्म सुजला. माझ्या ताईने, म्हणजे तिच्या आईने, आमच्या वडिलांचं घड्याळ उचललं आणि पोरीला बाबांपुढे नेऊन बसवलं. तेव्हाही मी चुंबकाचं सांगितलं नाही. चार दिवसांत गुडघा उतरला, पण घोटा सुजला. बाबा म्हणाले, "कळ पळतेय, मी तिच्या मागावर आहे." घोटा उतरला, मनगट धरलं. मग तेही सुटलं. ताईने बाबांचं नाव गल्लीभर केलं.

फक्त एक झालं. आमची भिंगरी जिन्यात मधल्याच पायरीवर बसायला लागली.

"काय गं, दमलीस?"

"छे, मामा. पायऱ्या मोजतेय."

पायऱ्या चौदा आहेत, हे ती बोलायला लागली तेव्हापासून तिला पाठ आहे. मी तिला उचललं आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी तिला बराच वेळ तपासलं, छातीची सोनोग्राफी केली, मग छाती तपासायची नळी माझ्या कानाला लावली. "तुमचे कान टिकटिकीला सरावलेले. ऐका." आधी माझंच हृदय ऐकवलं. दोन ठोके, स्वच्छ. मग भिंगरीचं. तिच्या दोन ठोक्यांच्या मधे हुश्श असा आवाज येत होता.

"झडप नीट मिटत नाहीये," बाई म्हणाल्या. "थोडं रक्त मागे फिरतं, त्याचा हा आवाज. हे जन्मापासूनचं नाही. घशाच्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उठतं. सांध्यांकडे हा आजार पाहुण्यासारखा येतो, आज इथे, उद्या तिथे, आणि औषध न देताही निघून जातो. हृदयात मात्र ठाण मांडतो."

"मग आता?"

"आत्ता गोळ्या आणि विश्रांती. आणि दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचं इंजेक्शन, काही वर्षं. घसा पुन्हा पुन्हा बिघडला तर झडप आणखी खराब होईल. तेव्हा एकही चुकवायचं नाही. वेळेवर घेतलंत तर पोरगी पुन्हा धावेल."

पहिलं इंजेक्शन झालं. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी ताई निघाली, ती दवाखान्याकडे नाही, सभागृहाकडे. "बाबा म्हणाले, सुई टोचली की झोपलेली कळ जागी होते. तू मधे पडू नकोस. तिला बरं कोणी केलं, मी डोळ्यांनी पाहिलंय."

मी चिडलो, विनवलं, पण ताई म्हणजे पालथा घडा. शेवटी मीही मागोमाग निघालो. भिंगरी माझ्या कानाशी लागली, "मामा, तुझी स्क्रूंची डबी घे. बाबांच्या इथून आलेली घड्याळं तुझे स्क्रू ओढतात, मी दुकानात पाहिलंय. बाबा पण ओढतात का बघू."

जे मी इतके दिवस गिळून बसलो होतो, ते या चिमुरडीला आपसूक कळलं होतं.

बाबांनी तिच्या छातीवर मीच पुन्हा चालू करून दिलेलं वडिलांचं घड्याळ ठेवलं, जाडजूड अंगठीचा हात त्यावर धरला आणि डोळे मिटले. टिकटिक थांबली. लोकांनी हात जोडले. भिंगरीने मुकाट्याने डबी उघडली आणि बाबांच्या हातावर उपडी केली.

मुंगीएवढे पन्नासेक पोलादी स्क्रू. निम्मे खाली पडले, उरलेले टुणकन अंगठीला जाऊन चिकटले. बाबांचं बोट साळिंदरासारखं दिसायला लागलं. त्यांनी हात झटकला, एकही स्क्रू सुटला नाही.

"वाडवडिलांचा श्वास भलताच चिकट दिसतोय," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं, अंगठीतला चुंबक, चिकटलेली स्प्रिंग, माझ्या दुकानातलं कडं, आणि माझं गप्प बसणंही. "सेलचं घड्याळ चुंबक दूर होताच पुन्हा चालू होतं. म्हणून त्याला काळीज नाही."

मागून एक बाई तावातावाने उठली. "असेल अंगठीत चुंबक. माझ्या मुलाचा गुडघा तर बरा झाला ना? ते कसं?"

"गुडघा आपला आपणच उतरतो, बाई. माझ्या भाचीचाही उतरला. तुमचा मुलगा धावताना दमतो का?"

तिने मुलाला जवळ ओढलं. मुलाकडे पाहत हळूच म्हणाली, "दमतो."

बाकीच्या आयाही आपापल्या पोरांना तेच विचारायला लागल्या. त्या गडबडीत बाबा मागच्या दाराने कधी सटकले, कळलंही नाही. माझे वीस-पंचवीस स्क्रू मात्र घेऊन गेले.

ताई वडिलांचं घड्याळ कानाला लावून उभी होती. डोळे भरले होते. "इंजेक्शनला किती वाजता जायचंय रे?"

"घड्याळ बंद आहे. आत्ताच चल."

दवाखान्यात आमच्या मागे ती बाई आणि तिचा मुलगा होता, त्यांच्या मागे आणखी चौघं आपापली पोरं घेऊन. त्या पोरांतल्या दोघांच्या हृदयात डॉक्टरीणबाईंना तोच हुश्श ऐकू आला. वेळेत सापडले म्हणून त्यांचाही उपचार सुरू झाला.

आता माझ्या दुकानावर पाटी आहे, भिंगरीच्या अक्षरात. "बाबांनी बंद पाडलेली घड्याळं फुकट चालू करून मिळतील." कोणी आलं की मी एवढंच सांगतो, दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असं नाही. पोराचा घसा धरला, सांधे सुजले, जिना चढताना ते दमलं, तर डॉक्टरांकडे न्या आणि छातीला नळी लावून घ्या. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी तो कसा होतो ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये.

भिंगरीची आजवर सतरा इंजेक्शनं झाली, एकही चुकलेलं नाही. काल ती चौदाही पायऱ्या न थांबता चढली आणि वर जाऊन मला म्हणाली, "मामा, तू दमलास का?"