आजाऱ्यांचं तेल

पाळकसाहेबांनी नर्सला सांगून खाटेजवळची दुसरी खुर्ची उचलायला लावली. येता-जाता पाय अडखळतो, असं कारण दिलं. खाटेवर पडलेल्या माणसाचा पाय खुर्चीला कसा अडखळणार, हे त्या बिचारीने विचारलं नाही. बायकोने मात्र बरोबर ओळखलं. चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली की फादर येणार होते, आणि फादरांबरोबर पास्टर येणार होता. खुर्ची एकच असली म्हणजे पास्टरला उभं राहावं लागेल, आणि उभा माणूस फार वेळ टिकत नाही.

"तुम्ही तर घरात सवत आणल्यासारखं तोंड करताय," बायको म्हणाली आणि थर्मास भरून आणायला निघून गेली.

बावीस वर्षं दर सोमवारी पाळकसाहेब आणि फादर बुद्धिबळ खेळत आले होते. एक अँग्लिकन, दुसरे कॅथलिक. दोघांची चर्चं एकाच रस्त्याच्या दोन टोकांना. झगे सारखे, मेणबत्त्या सारख्या, वेदीपुढच्या प्रार्थनाही जवळपास शब्दाला शब्द सारख्या. फक्त एक गोष्ट फादरांच्या पंथाला मान्य नव्हती, ती म्हणजे पाळकसाहेबांची दीक्षा. त्यांच्या लेखी पाळकसाहेब हे झगा घातलेले एक सज्जन गृहस्थ होते, धर्मगुरू नव्हेत. पाळकसाहेबांनी या विषयावर ग्रंथांचे दाखले दिले, सनावळ्या दिल्या, एकदा तर भरात पटच उधळला. फादर दर वेळी एवढंच म्हणत, "तुमची चाल आहे." त्यांच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेलं की पाळकसाहेब इतरांसारखे रांगेत उभे राहत, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला नाही, छातीवर हातांची घडी घालून नुसता आशीर्वाद घ्यायला. नियमच तसा होता, आणि तो त्यांना दर खेपेला लागायचा.

आठ महिन्यांपूर्वी हा पास्टर उगवला. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्याने इव्हँजेलिकल मंडळी जमवायला सुरुवात केली. झगा नाही, वेदी नाही, गिटारी मात्र दोन. ज्यांना तान्हेपणी पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा दिला होता, ती माणसं हा प्लास्टिकच्या हौदात पुन्हा बुडवून काढायचा. यावर फादरांनी काय करावं, तर त्याला सोमवारी खेळायला बोलावलं. प्यादं तिरकं मारतं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. फादर त्याला कौतुकाने शिकवत बसले, त्याच्या फुटकळ विनोदांवर पोट धरून हसले आणि महिनाभरात त्याला 'तू' म्हणू लागले. पाळकसाहेब बावीस वर्षांनंतरही 'तुम्ही'च होते. सोमवारी घरी परतताना त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा.

चारच्या ठोक्याला दोघं आले. फादर खुर्चीवर बसले. पास्टर खुशाल खाटेच्या कडेवर टेकला, पाळकसाहेबांच्या पायांशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यासाठी प्रार्थना करू का, असं पास्टरने विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच डोळे मिटले. शेजाऱ्याला हाक मारावी तशी त्याने देवाला मोठ्याने, मनापासून हाक मारली. पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी आजोबांनीही आमेन म्हटलं. फादरांनी चष्मा काढून डोळे पुसले. पाळकसाहेबांनी एरवी कितीही सुंदर प्रार्थना केली तरी तो चष्मा कधी उतरला नव्हता.

"तुमचं दोघांचं बरं जमतं," पाळकसाहेब म्हणाले.

फादरांनी सावकाश चष्मा चढवला. "जमतं. त्याला माझ्याकडून काही नको असतं. तुम्हाला हवं असतं, आणि ते माझ्या हातात नाही."

पास्टर उठून खिडकीपाशी गेला. एवढं त्याला समजत होतं, याचाही पाळकसाहेबांना राग आला.

मग फादरांनी खिशातून एक छोटी चांदीची डबी काढली आणि औषधांशेजारी ठेवली. आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल. पाळकसाहेबांचे बिशप परदेशात होते आणि त्यांच्या पंथाचा दुसरा कुणी धर्मगुरू उद्या दुपारच्या आत पोचणार नव्हता. बायकोनेच हे फादरांच्या कानावर घातलं असणार. डबी ठेवून फादरांनी हात मागे घेतला.

"लावा ना मग," पास्टर म्हणाला.

दुसऱ्या पंथाच्या माणसाला आपण होऊन देता येत नाही, असं फादरांनी त्याला समजावलं. जिवाला धोका असला तर देता येतं, पण त्याने स्वतः मागावं लागतं.

पाळकसाहेब डबीकडे बघत राहिले. मागायचं, आणि तेही याच्या देखत. पण त्यांना कालपासून भीती वाटत होती. बायकोलासुद्धा त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"मला तेल लावा, फादर," ते म्हणाले.

फादर उठले. गळ्यात विधीचा पट्टा घातला, प्रार्थना म्हटली, अंगठ्याने कपाळावर क्रूस काढला. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे दोन्ही तळहात पुढे केले. फादरांनी ते हातात घेतले, पालथे केले आणि हातांच्या पाठीवर एकेक क्रूस काढला.

"चुकलं का काही?" पास्टरने विचारलं. "माझी आजी कॅथलिक होती. तिला तळव्यांवर लावलं होतं."

"तुझ्या आजीला तळव्यांवरच," डबीचं झाकण बसवत फादर म्हणाले. "धर्मगुरूंना जुन्या पद्धतीत हातांच्या पाठीवर लावतात. त्यांच्या तळव्यांना दीक्षेच्या दिवशीच लागलेलं असतं."

पाळकसाहेबांच्या दीक्षेत तेल नव्हतंच. बिशपनी डोक्यावर नुसते हात ठेवले होते. वाद घालताना त्यांनी स्वतःच हे दहादा कबूल केलं होतं, आणि फादर काही विसरणाऱ्यांतले नव्हते.

"मला नीट ऐकू आलं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"आलंय," फादर म्हणाले. त्यांनी पट्ट्याची घडी घालून खिशात ठेवली आणि ते बाहेर पाळकसाहेबांच्या बायकोला शोधायला गेले.

पास्टर खिडकीशीच उभा होता. पाळकसाहेबांनी हात तसेच पालथे धरून ठेवले होते.

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं की. पुन्हा सांगू?"

पाळकसाहेबांनी पाय जरा आक्रसून खाटेवर जागा केली.

"बस," ते म्हणाले. "सांग."